दोघाले वाढा

शीला, जवळ ये बाई. कागदावरच बोलून राह्यली मी, तरी जवळ ये. ही गोष्ट दुरून ऐकायची नाही. आणि आधी थोडी बोलणी खाऊन घे. नाताळात आलीस, उभ्या उभ्या चहा घेतलास, आणि चपला घालता घालता म्हणालीस, "आजी, मी आता प्रवचनात पाप हा शब्दच वापरत नाही. लोक उठून जातात. मी चूक म्हणते, जखम म्हणते." एवढं बोललीस आणि एसटीच्या मागे पळालीस. असं काही बोलून कोणी गाडी पकडते का? म्हातारीला उत्तर द्यायला जागा तरी ठेवायची.

तू गेलीस आणि याकोब उपदेशक माझ्या डोळ्यांसमोर येऊन बसले. ते काही हलायला तयार नाहीत. म्हटलं, लिहूनच टाकावं.

अनसिंगला तेव्हा क्रिस्तावांची घरं बोटांवर मोजण्याइतकी. माझा बाप सुतार, शेजारी उपदेशक, मध्ये एक कुडाची भिंत. तिकडे त्यांच्या बायकोनं, राहेलबाईंनी, फोडणी दिली की इकडे आम्हाला ठसका. याकोब उपदेशक अंगानं काडी आणि उंच एवढे, की प्रार्थनेच्या खोलीत शिरताना त्यांना वाकावंच लागायचं. दर रविवारी वाकायचे आणि म्हणायचे, "बरं हाय, देवाच्या घरात वाकाले लावते." डोक्याला फेटा, अंगात काळा लांब कोट, खिशात सुकवलेले आवळे. गायला लागले की सूर एका गावाला आणि ते दुसऱ्या. पण गायचे मोठ्यानं. माझा बाप म्हणायचा, "उपदेशक, तुमी गाऊ नका, तुमी टाळ्या वाजवा." ते म्हणायचे, "टाळ्याबी तशाच वाजतात रे बापा."

उपदेश करायच्या आधी चपला बाहेर काढायचे आणि दार सताड उघडं ठेवायचे. पौषातली थंडी असो की वैशाखातला वारा असो. कोणी लोटायला गेलं तर म्हणायचे, "राहू दे. पापाची गोष्ट सांगाची त दार उघडं ठेवाव. ज्याले जाचं असन त्याले जाता आलं पाह्यजे."

पाहा, लोक तेव्हाही उठून जायचे. तुझ्याच वेळी जातात असं नाही.

आणि त्यांच्या घरात खुंटीवर, छत्रीच्या शेजारी, एक दावं टांगलेलं असायचं. गाईचं दावं, अंबाडीचं, वापरून काळं पडलेलं. त्यांच्याकडे गाय नव्हती. म्हैस नव्हती, शेळीही नव्हती. आजूबाजूच्या गावांत त्यांना दावंवाले उपदेशकच म्हणत. ते दावं कसं आलं ते मी पाहिलेलं नाही, माझा जन्मही तेव्हा नव्हता. राहेलबाईंनी सांगितलं, ज्वारी निवडता निवडता. दरवेळी सांगितलं आणि दरवेळी सारखंच सांगितलं, म्हणून मी खरं मानते.

उपदेशक मूळचे इकडचे नव्हते. नगरकडून शिकून आले, तरणेताठे, शुद्ध बोलणारे, पाठांतर असं की नुसतं नाव काढा आणि अध्याय सुरू. हिवाळ्यात मिशनचे गोरे साहेब तंबू घेऊन गावोगाव फिरायचे, त्यांच्यासोबत हेही. शेलूबाजारला आठवड्याचा बाजार भरला होता. हे बैलगाडीवर चढले आणि पहिलंच वाक्य टाकलं, "तुम्ही सर्व पापी आहात."

आता तुला आपल्या भागाची एक रीत सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या काळी एखाद्याची गाय दावणीला बांधलेली असताना, गळ्यात दावं असताना मेली, तर ती त्यानंच मारली असं धरत. हे पाप. मग तेच दावं त्यानं आपल्या गळ्यात घालायचं, तोंडानं शब्द बोलायचा नाही, दारोदार गाईसारखं हंबरून भाकर मागायची, छपराखाली झोपायचं नाही, आणि शेवटी नदीवर आंघोळ करून पंचांपुढे उभं राहायचं. तोवर त्याच्या घरचं पाणी बंद, सोयरीक बंद. गावात पापी म्हटलं की लोकांना हाच माणूस दिसायचा, गळ्यात दावं घातलेला.

आणि हे गाडीवर उभे राहून म्हणतात, सर्व पापी!

एक म्हातारा कास्तकार पुढे आला. म्हणाला, "महाराज, आमी सारे? कोनाची गाय मेली जी?"

लोक हसले. उपदेशकांना काही कळलं नाही, ते आणखी चढले. म्हणाले, "तुमच्या प्रत्येकाच्या गळ्यात पापाचा दोर आहे. तुम्ही तो लपवता. माणसांपासून लपेल, देवापासून कसा लपेल?" आणि त्यांची तेव्हा सवय होती बोट दाखवायची. ते बोट गेलं गर्दीतल्या एका माणसाकडे. नुसतं गेलं, कोणाकडे तरी जायचंच होतं.

तो होता सखाराम. पलीकडच्या खेड्यातला. डोक्यावर वांग्यांची टोपली होती ती त्यानं खाली ठेवली आणि मटकन बसला. म्हणाला, "दावं सोडलं होतं जी म्या. पन ती मेल्यावर सोडलं."

त्याची कपिली गाय दोनच दिवसांपूर्वी गोठ्यात फास बसून गेली होती. कोणी उठायच्या आत त्यानं दावं सोडून गवतात दडवलं आणि मोकळी मेली म्हणून सांगितलं. कारण पोरीचं लग्न ठरलं होतं. दावं गळ्यात पडलं असतं तर सोयरीक मोडली असती.

मग म्हातारा कास्तकार हळूच म्हणाला, "आयला, हा त खरंच ओयखून बोलला."

साहेबांना मराठी येत होती, पण ही रीत माहीत नव्हती. त्यांना वाटलं, पहिल्याच उपदेशाला एक जीव पश्चात्तापाला आला. त्यांनी याकोबांचा हात हातात घेतला आणि डोळे पुसले. याकोबही त्या रात्री तंबूत खुशीत जेवले. राहेलबाई इथे थांबायच्या, सुपातला खडा काढून फेकायच्या आणि म्हणायच्या, "जेवले बरं का. मांगून मांगून जेवले."

पुढे काही दिवसांनी अनसिंगला, सकाळची वेळ, राहेलबाई भाकरी थापत होत्या. बाहेर वासरू हंबरलं.

"कोनाचं वासरू सुटलं पाहा बरं."

उपदेशक बाहेर गेले. वासरू नव्हतं. सखाराम होता. दाढी वाढलेली, गळ्यात दावं, हातात फुटकं गाडगं. पैनगंगेच्या वाटेला लागला होता, मधे हे गाव.

उपदेशकांनी त्याला ओळखलं. त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. दारात उभं राहून वचन सांगायला लागले, की तुझं पाप प्रभूनं वाहिलं, आता हे दावं टाक. सखाराम ऐकत उभा. सांगून झालं तेव्हा तो पुन्हा हंबरला.

राहेलबाई आतून आल्या, पिठाच्या हातानं. म्हणाल्या, "तो भाकर मांगून राह्यला, तुमी त्याले वचन देऊन राह्यले. सरका तिकडं."

त्यांनी गाडग्यात भाकर घातली, वर कांदा फोडून ठेवला. सखाराम अंगणाबाहेर बसून जेवला आणि उठून चालायला लागला. उपदेशक दारातून बघत राहिले. समोरच्या आळीत पोट्टे त्याच्या मागे लागले, कोणी शेपूट लावायला बघे, कोणी खडा मारी. एका दारी बाई विचारत होती, कोण, कुठला, कोणत्या जातीचा. त्याला सांगता येईना, तिनं दार लावून घेतलं. सगळ्याच दारी तसं नव्हतं, जाणती माणसं वाढायची. पण मुक्या माणसाचं कसं होते ते तुला सांगायला नको.

याकोबांनी छत्री घेतली आणि कोट घातला.

"कुठं निंगाले?" राहेलबाई म्हणाल्या.

"त्याच्यासोबत."

"आन साहेबाले काय सांगू?"

"सांग, याकोब कामावर गेला."

तिथून पैनगंगेपर्यंत, वाटेतल्या प्रत्येक गावात, सखाराम दारी हंबरायचा आणि उपदेशक त्याच्या मागे उभं राहून बोलायचे. क्रिस्ताव म्हणून ते अंगणाच्याही बाहेर, वाटेवर उभे. तिथून ओरडून सांगायचे, "माय, याच्या हातून गाय गेली. आन याले भर बाजारात उघडं पाडलं ते म्या. पापी दोन हायत. दोघाले वाढा."

पहिल्या गावात शुद्ध बोलले, तर बायकांना कळेना. चौथ्या दारापासून त्यांची भाषा बदलली ती जन्मभर तशीच राहिली.

बायका हसायच्या, वाढायच्या. एक म्हातारी म्हणे म्हणाली, "हा मुका पापी बरा हाय रे, बोलका फार लांबन लावते." सखारामला हसू फुटलं होतं, पण हसला तर मौन मोडतं का ते दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून त्यानं दावं दातांत धरलं.

पण हसण्यासारखं सगळं नव्हतं. साहेबांपर्यंत बातमी गेली की आपला उपदेशक हिंदूंचं प्रायश्चित्त करत फिरतो. ते घोड्यावरून आले, नदीच्या अलीकडे गाठलं. माणूस वाईट नव्हता, शीला. फार दुखावला होता. म्हणाले, "याकोब, ख्रिस्ताने सर्व फेडले आहे असे आपण शिकवतो. तुम्ही हे काय शिकवत आहात?"

उपदेशक म्हणाले, "साहेब, मी काही फेडून राह्यलो नाही. मी याले पापी म्हनलो तवा गाडीवर होतो. खाली उतरून म्हनाचं राह्यलं होतं, ते म्हनून राह्यलो."

साहेबांनी त्यांना तो सारा हंगाम बाजारात उभं राहायला मना केलं. हे म्हणाले, बरं. आणि सखारामच्या मागून पाण्याकडे गेले.

नदीवर पंच बसले होते. रीतीप्रमाणे विचारलं, हा खरंच मुका राहिला, खरंच मागून खाल्लं, याला साक्षी कोण? साऱ्यांच्या माना याकोबांकडे वळल्या. एक पंच म्हणाला, "क्रिस्तावाची साक्ष? आपल्या कामात?" तो बाजारातला म्हातारा कास्तकार तिथे होता. म्हणाला, "अजून कोनी चाललं होतं का त्याच्यासंगं? तू चालला होता? मंग कोनाची साक्ष घेतं?"

साक्ष घेतली. सखारामनं बुडी मारली, वर आला आणि पहिला शब्द बोलला तो उपदेशकांशी. म्हणाला, "चाला, पोरीचं लगन हाय, जेवाले या." व्याही थांबले होते, सोयरीक टिकली होती. दावं रीतीनं पाण्यात सोडायचं असतं. उपदेशकांनी ते मागून घेतलं.

आता इथून पुढचं माझं स्वतःचं पाहिलेलं.

पापावर उपदेश असला की ते छत्रीशेजारचं दावं काढायचे आणि बोलायच्या आधी स्वतःच्या गळ्यात घालायचे. काही मंडळींना फार राग यायचा. माझ्या बापालाच यायचा. "आपन हे सारं मांगं सोडून आलो, आन तुमी खुंटीवर टांगून ठेवता?" ते म्हणायचे, "दिसते म्हनून टांगलं. नाही दिसत ते लई जड असते."

मग बोलायचे. बोट कधी नाही दाखवलं. म्हणायचे, "गाय मेली म्हंजे पाप, इतकं सोपं असतं त बरं झालं असतं. मी गाडीवर उभा होतो आन मले वाटलं, माझा गळा मोकळा हाय. तेच माझं दावं. कोनाचं आपल्याले दिसते, आपलं आपल्याले दिसत नाही." थोडा आवळा चघळायचे आणि मान वळवून पाठ दाखवायचे. "पाहा. गाठ कुठं हाय? मानेमांगं. माझ्या हाताले लागते, पन सुटत नाही. दुसऱ्यानंच सोडावं लागते. तो दुसरा कोन, ते सांगाले मी आलो." आणि मग दर वेळी कोणाला तरी पुढे बोलवायचे, गाठ सोडायला. कधी म्हातारं, कधी पोर. एकदा मला बोलावलं होतं. गाठ घट्ट होती, मला दात लावावे लागले. अंबाडीचा आणि घामाचा वास मला अजून येतो.

राहेलबाईंना मात्र त्यांनी कधी बोलवलं नाही. म्हणायचे, "ती त आवळन."

एका नाताळात त्यांनी गळ्यात दावं घालून भर उपासनेत कबूल केलं की काल राहेलबाईंच्या डब्यातले दोन कानोले आपण चोरून खाल्ले. बायकांच्या चटईवरून आवाज आला, "दोन नाही, पाच. कबुली देता त पुरी द्या." त्या दिवशी आमच्या खोलीत जे हसू झालं, ते ऐकून बाहेरची माणसं दारात गोळा झाली. दार उघडंच होतं. त्यातली किती तरी मग बसून राहिली.

पण दावं सगळीकडे नेत नसत. हे मात्र राहेलबाईंकडून ऐकलेलं: मोठा तापाचा साथरोग आला होता, घराघरांत माणसं गेली. तेव्हा बाहेरून आलेल्या कोणी उपदेशकानं सांगितलं, हा लोकांच्या पापाचा दंड. याकोबांनी ते ऐकलं, घरी आले, दावं खुंटीवरून काढून पेटीत ठेवलं आणि पाणी भरायला लागले, ज्यांच्या घरी भरायला कोणी उभं नव्हतं त्यांचं. एका मायनं विचारलं, तिची दोन लेकरं गेली होती, "उपदेशक, माह्या हातून काय झालं होतं?" ते म्हणाले, "काही नाही माय. हे मले माहीत नाही काहून झालं. पन तुह्या हातून नाही." राहेलबाई सांगायच्या, साथ सरली तरी दावं पेटीतून काढायला त्यांनी घाई केली नाही. म्हणाले, "घरात रडनं हाय तोवर दावं नाही."

सखाराम क्रिस्ताव झाला नाही. साहेबांच्या मनात ते राहून गेलं, उपदेशकांच्या मनात असेल नसेल. दर वर्षी तुरी निघाल्या की तो ओल्या शेंगांचं गाठोडं घेऊन यायचा. दोघं ओट्यावर बसायचे आणि फार बोलायचे नाहीत. मी विचारलं होतं एकदा, तर सखाराम म्हणाला, "पयलेपासून तशीच सवय लागली पोरी. मी गप, हे बोलनार. आता हेबी थकले."

दुसरी मोठी लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, त्या साली उपदेशकांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, मानही हलेना. डाव्या हाताची बोटं तेवढी चालत. मी तेव्हा लग्न होऊन माहेरी आलेली, राहेलबाईंच्या हाताखाली असायचे. पाळकसाहेब वाशीमहून नवे आले होते, तरुण, नेमाचे पक्के. प्रभुभोजन द्यायला घरी आले. आमच्या मंडळीचा नेम असा, की आधी तोंडानं पापकबुली, मग भाकर आणि प्याला.

सखाराम त्या दिवशी आलेला होता. शेंगा दारात ठेवून उंबऱ्याबाहेर बसला.

पाळकसाहेबांनी वाकून विचारलं, "उपदेशक, तुम्ही पापी आहात आणि तुम्हाला पश्चात्ताप आहे, असे कबूल करता ना?"

उपदेशकांनी तोंड उघडलं. फार जोर केला. आणि जो आवाज निघाला, शीला, तो हंबरण्याचा होता. अगदी गाईसारखा. पाळकसाहेब गोंधळले, पुन्हा विचारलं. पुन्हा तोच. द्यावं तर नेम मोडतो, न द्यावं तर समोर हा माणूस. राहेलबाईंनी पदर तोंडाला लावला. ज्या माणसानं जन्मभर पापाचंच सांगितलं, तो कबुलीवाचून उपाशी राहतो की काय, असं झालं.

तेव्हा सखाराम उठला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "पाळकसायब, हा आवाज मले समजते. तुमाले नाही समजनार. तो मांगून राह्यला."

पाळकसाहेब वळले.

"याच्या हातून एक मानूस भर बाजारात उघडा पडला. तो मी," सखाराम म्हणाला. "हा पापी हाय. मी साक्षी हावो. याले वाढा."

मग पाळकसाहेबांनी भाकर मोडली. तो पोरगाच होता, पण त्या दिवशी शहाणा ठरला. त्यानं उपदेशकांच्या ओठांना घास लावला, प्याला लावला.

घास गिळला आणि उपदेशकांची डावी बोटं गोधडीवर हलली. दोन बोटं वर आली. आधी कोणाला कळेना. पाणी पाहिजे का, उशी पाहिजे का. राहेलबाईंना कळलं. त्या म्हणाल्या, "दोघाले म्हनते."

पाळकसाहेबांचा चेहरा पडला. सखारामचा बाप्तिस्मा नव्हता, त्याला ते ताट कसं द्यायचं? राहेलबाई उठल्या. म्हणाल्या, "तुमच्या ताटातलं तुमी ठेवा बापा, तुमचा नेम तुमाले. माह्या चुलीवरचं मी देते." सकाळची ज्वारीची भाकर होती, तिचा अर्धा तुकडा मोडला, वर कांदा ठेवला आणि उंबऱ्यावर नेऊन दिला. सखारामनं उभ्यानंच खाल्ला. उपदेशकांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसत होती. उजवी तशीच होती, पण एका बाजूनंही ते हसू पुरे होतं.

मग सखारामनं मला खुंटीवरचं दावं मागितलं. मी काढून दिलं. ते खांद्यावर टाकून म्हणाला, "जातो जी. हे पाण्यात सोडाचं राह्यलं होतं." आणि पैनगंगेच्या वाटेला लागला. बाहेर गार वारं सुटलं होतं, राहेलबाई दार लोटायला गेल्या, तर उपदेशकांची बोटं पुन्हा हलली. दार राहू द्या. तसे ते पडून होते, त्या उघड्या दारातून वाटेकडे बघत, सखाराम वळणाआड जाईपर्यंत आणि नंतरही. मी त्यांना पाहिलं ते एवढंच शेवटचं. दुसऱ्या दिवशी सासरहून माझे घरचे मला न्यायला आले, आणि आठवडा व्हायच्या आत निरोप आला.

तर बाई, तू म्हणतेस तो शब्द टाकून दिला. जखम म्हण, चूक म्हण, माझी ना नाही. पण जखमेवर औषध लावतात, चूक खोडतात. सखाराम त्या दिवशी उंबऱ्यावरून चूक म्हणाला असता तर पाळकसाहेबांनी भाकर मोडली असती का, मला वाटत नाही. तोच शब्द गाडीवरून आला तेव्हा एका माणसाचं घर मोडायला निघाला होता, आणि संगं चाललेल्या माणसाच्या तोंडून आला तेव्हा त्यानं मुक्याला जेवू घातलं. मी शिकलेली नाही, तुझी मोठी पुस्तकं मी वाचली नाहीत. तुझं तू ठरव.

पण ठरवायला इथे ये. या खेपेला उभ्या उभ्या नाही. तुरी आल्या आहेत, शेंगा उकडून ठेवते, कानोलेही करते, चोरून खाल्लेस तरी मोजणार नाही. रविवार सोडून येजो, उपाशी येजो, आणि लवकर येजो. दार मी लोटतच नाही हल्ली.